ज्या बँडला साधा ड्रमरही नव्हता तो द सिस्टर्स ऑफ मर्सी एवढा मोठा कसा झाला? आणि १९९० नंतर त्यांनी एकही अल्बम का काढला नाही?

‘साधा ड्रमरही नव्हता’ हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. होता की ड्रमर. डॉक्टर अ‍ॅव्हलांश. ड्रमचे ठेके वाजवणारं मशीन होतं म्हणून काय झालं, नाव होतं त्याला, आणि अँड्र्यू एल्ड्रिच सोडला तर जवळजवळ सुरुवातीपासून आजपर्यंत त्या बँडमध्ये तेवढा एकच टिकलाय, बाकी सगळे आले नि गेले.

१९८० ला इंग्लंडमधल्या लीड्समध्ये गायक एल्ड्रिच आणि गॅरी मार्क्स या दोघांनी सुरू केलं. पहिल्या सिंगलवर (म्हणजे एक-दोन गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डवर) ड्रम स्वतः एल्ड्रिचने वाजवलेत, ते एकदा ऐका म्हणजे मशीन का आणलं हे कोणी सांगायला नको. ते पहिलं मशीन बॉसचं डीआर-५५, आवाज मोजून चार: किक, स्नेअर, रिमशॉट, हायहॅट. मशीनच्याच ठेक्यावर त्यांनी ‘अ‍ॅलिस’सारखं गाणं उभं केलं. क्रेग अ‍ॅडम्सचा खरखरीत बेस, वर एल्ड्रिचचा विहिरीतून आल्यासारखा आवाज, आणि खाली ते मशीन जराही न हलता ठोकत बसलेलं. मोठे कसे झाले म्हणता तर माझ्या मते ह्या न हलण्यामुळंच झाले. मशीनला माणसासारखं वाजवायला लावलं की ते केविलवाणं वाटतं, त्यांनी त्याला मशीनच राहू दिलं.

आता मला एवढं का झोंबलं ते सांगतो. २००३ ला सांगली-मिरज भागात आमचा ऑर्केस्ट्रा होता, मी कीबोर्डला, भागीदार गायचा आणि सुपाऱ्या आणायचा. गणपतीला पंधरा दिवस राहिले आणि आमचा ड्रमर दुसऱ्या पार्टीत गेला, तिथं नाईटला दोनशे जास्त मिळत होते. सगळ्या सुपाऱ्यांचे अ‍ॅडव्हान्स घेऊन झालेले. मग मी मुंबईला जाऊन स्वतःच्या खिशातले नऊ हजार घालून सेकंडहँड बॉस डीआर-६६० आणलं, म्हणजे डॉक्टरच्याच खानदानातलं, पण तेव्हा मला कुठला डॉक्टर माहिती. दहा रात्री हेडफोन लावून गाण्यागणिक ठेके भरले. बायकोला आतलं काही ऐकू यायचं नाही, नुसती रबरी पॅडवर बोटांची टकटक, ती म्हणायची घरात पाल चुकचुकल्यासारखं वाटतंय, झोप लागत नाही. डिस्को आणि कोळीगीतं झकास बसली. लावणी काही बसली नाही, ढोलकीचा तो मागं-पुढं रेलणारा ठेका चौकटीत घातला की मरतो, तिथं मी हात टेकले आणि ढोलकीवालाच घेतला.

पहिल्याच कार्यक्रमानंतर टेम्पोत पाकिटं वाटताना मी ड्रमरचा वाटा मागितला. मशीन माझं, ठेके माझे, रात्रीची झोप माझी. तर भागीदार सगळ्यांसमोर म्हणाला, मशीन काय वडापाव खातंय का? सगळे हसले, साऊंडवालासुद्धा. मी गप्प बसलो आणि तो सीझन तसाच काढला. दिवाळीनंतर ह्याने दुसरी पोरं जमवली, आमच्याच ऑर्केस्ट्राच्या नावापुढं ‘न्यू’ लावलं आणि बॅनर छापून मोकळा. ते नाव मी ठेवलं होतं हो.

त्याच दिवसांत सायबर कॅफेत ड्रम मशीनचं मॅन्युअल शोधताना हा बँड सापडला आणि १९८५-८६ चं भांडण वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. पहिला अल्बम मार्च १९८५ ला आला, मार्क्स लगेच बाहेर पडला, जूनमध्ये रॉयल अल्बर्ट हॉलला मोठा कार्यक्रम झाला आणि मग गिटारवाला वेन हसी आणि अ‍ॅडम्स हे दोघंही गेले. गेले ते गेले, वर नव्या बँडला नाव घेतलं ‘द सिस्टरहुड’. म्हणजे ‘न्यू’ लावल्यासारखंच की! पण एल्ड्रिच माझ्यासारखा गप्प बसला नाही. जानेवारी १९८६ मध्ये त्याने स्वतःच द सिस्टरहुड या नावानं सिंगल बाजारात आणलं, गायलाही दुसराच माणूस, जेम्स रे, पण नावावर शिक्का ह्याचा पडला. मागोमाग ‘गिफ्ट’ नावाचा अल्बम काढला, जर्मनमध्ये गिफ्ट म्हणजे विष. त्यातल्या एका गाण्याच्या सुरुवातीला एक बाई नुसते आकडे म्हणते, दोन, पाच, शून्य, शून्य, शून्य. भांडण पंचवीस हजार पाउंडांचं होतं, ते असं तोंडावर मारलं. हसी-अ‍ॅडम्सना मुकाट्यानं ‘द मिशन’ असं नाव घ्यावं लागलं. त्यांचंही पुढं बरं चाललं, ते सोडा.

आणि मग १९८७ ला ‘फ्लडलँड’ हा अल्बम. त्यातलं ‘धिस करोजन’ हे गाणं जवळजवळ अकरा मिनिटांचं, निर्माता जिम स्टाइनमननं केलेलं, न्यूयॉर्कच्या चाळीस जणांचा कोरस, आणि एवढा सगळा डामडौल उभा कशावर तर मशीनवर. ब्रिटनमध्ये सातव्या नंबरवर गेलं ते. तुम्ही सुरुवात इथूनच करा. १९९२ ला ‘टेम्पल ऑफ लव्ह’ परत केलं इस्रायली गायिका ओफ्रा हाझाला घेऊन, ते तिसऱ्या नंबरवर गेलं पण मला जुनं १९८३ चंच आवडतं. गॉथ (म्हणजे काळोख्या, उदास रॉकचा प्रकार) म्हणायचं का इलेक्ट्रॉनिक हा वाद लोक घालतात, गॉथ म्हणलेलं एल्ड्रिचला अजिबात चालत नाही एवढं लक्षात ठेवा.

अल्बमचं म्हणाल तर १९९० च्या ‘व्हिजन थिंग’नंतर एल्ड्रिचचं ईस्टवेस्ट या रेकॉर्ड कंपनीशी वाजलं आणि त्याने चक्क संप केला, काही रेकॉर्डच करायचं नाही. शेवटी १९९७ ला करारातून सुटण्यासाठी त्याने त्यांना एक अल्बम दिला, त्यात ड्रम्सच नाहीत! ज्याचा ड्रमर मशीन त्याने कंपनीला बिनड्रमचा माल दिला. कंपनीनं तो कधी विकला नाही पण ह्याला सोडलं. त्यानंतर का नाही काढला ते त्यालाच विचारा, कार्यक्रम करतोय, नवीन गाणी स्टेजवर वाजवतोय, आणि प्रत्येक गाणं अल्बममध्ये घातलंच पाहिजे असं कुठंय.

तुम्ही स्वतः बँड काढणार असाल तर नाव कोणाचं आणि मशीनचा वाटा किती हे पहिल्या तालमीआधी कागदावर लिहून घ्या. दोस्ती असली तरी. दोस्ती असली तर जास्तच.

बाकी एक कबूल करायला पाहिजे. एल्ड्रिच काही संत नाही, एवढी माणसं सोडून जातात म्हणजे त्याचंही काहीतरी असणारच. आणि त्या सीझनला एका गावात लोडशेडिंगनं लाईट गेली, जनरेटर चालू होईपर्यंत माझं मशीन बंद आणि ढोलकीवाल्यानं एकट्यानं चार मिनिटं गर्दी धरून ठेवली, हेही खरं आहे. त्या चार मिनिटांचं भागीदाराने पुढं वर्षभर भांडवल केलं.

तो हे वाचत असेल तर, अठरा कार्यक्रमांचे ड्रमरचे पैसे अजून येणे आहेत.