सॉफ्टवेअरच्या नोकरीच्या मुलाखतीला जाण्याआधी एवढं ऐक

ऐरोलीला १० ची मुलाखत असेल तर डोंबिवलीहून आठच्या आधीच नीघ. ठाण्याला नवी मुंबईकडे जाणारी ट्रान्स-हार्बरची गाडी पकडताना पूल चढण्यातच वेळ जातो, आणि घामाघूम होऊन बसलास की येणारं उत्तरही आठवत नाही.

कोड लिहायचा प्रश्न मिळाल्यावर लगेच कीबोर्डला हात लावू नकोस. यादी रिकामी आली तर काय, एकच आकडा दोनदा आला तर काय, हे आधी विचारून घे. समज, बेरीज १० होणारे दोन आकडे शोधायचेत. दोन लूपचं, म्हणजे प्रत्येक जोडी तपासून बघायचं, साधं उत्तर आधी सांग, मग हॅशमॅपवर (आधी आलेले आकडे झटकन शोधता येतील अशी नोंद) ये: ७ दिसला की ३ आधी येऊन गेला का, एवढंच बघायचं. यादी एकदाच फिरावी लागते. आणि हे सगळं बोलत बोलत लिही. मी मुलाखती घेतो ना, गप्प बसून लिहिणाऱ्याचं डोकं कसं चालतं ते मला कळतच नाही.

ऑफर आली की सीटीसीच्या, म्हणजे कंपनी तुझ्यावर वर्षाला करणार त्या एकूण खर्चाच्या, आकड्याने हुरळून जाऊ नकोस. त्यात बहुतेकदा कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी, व्हेरिएबल (कामगिरीप्रमाणे कमी-जास्त मिळणारा भाग) सगळं धरलेलं असतं. महिन्याला हातात किती पडणार, हे एचआरला सरळ विचार. नोटीस पिरियडही बघ, म्हणजे राजीनामा दिल्यावर अजून किती दिवस तिथेच काम करावं लागेल ते. माझ्या पहिल्या नोकरीत तो ९० दिवसांचा होता, आणि त्यापायी एक चांगली संधी हातची गेली.