कुख्यात गुंड मेल्यावर हजारोंची गर्दी का जमते? लोकांना खरंच दुःख होतं का?

होतं, पण गर्दीतल्या थोड्यांनाच. बाकीचे हजेरी लावायला जातात, आणि ती हजेरी मागे उरलेली माणसं घेतात.

तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडचा गुंड मेला तेव्हा बाजार बंद होता, चौकाचौकात श्रद्धांजलीचे बॅनर लागले आणि तुम्ही चिडलात तेव्हा घरच्यांनी 'मेल्यावर वैर संपतं' म्हणून गप्प केलं. त्या एका वाक्यासाठी मी लिहायला बसले. आमच्या घरात ते पंधरा वर्षं ऐकतेय.

माझे वडील तलाठी होते. आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. त्यांचा सजा, म्हणजे त्यांच्या ताब्यातली गावं, गिरणा नदीकाठचा, त्यामुळे अर्धी नोकरी वाळूचोरीमागेच गेली. आमच्याकडे जो गुंड होता त्याचं नाव लिहीत नाही. लोक शेठ म्हणायचे. लिलावात वाळू काढायचा एक घाट घ्यायचा आणि उपसा पाच घाटांवर करायचा. एकाच पावतीवर रात्रभर ट्रॅक्टर फिरायचे. पात्रातली वाळू पाणी धरून ठेवते. ती खरवडली की पावसाळ्याचं पाणी सरळ तापीकडे निघून जातं आणि काठच्या विहिरी दिवाळीनंतरच तळ दाखवतात. शेठ दानशूर होता म्हणणाऱ्यांनी त्या विहिरींचे मालक कोण होते ते एकदा विचारावं.

एका रात्री अप्पांनी कोतवालाला सोबत घेऊन एक ट्रॅक्टर अडवला. चालकाने उत्तर न देता ट्रॉली मागे घेतली. अप्पांचं उजवं पाऊल चाकाखाली गेलं. मी तेव्हा नववीत होते. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात शेठ स्वतः आला. हातात शहाळी आणि डझनभर केळी. आईला वहिनी म्हणाला, अप्पांच्या उशाशी बसला आणि म्हणाला, "साहेब, पोरं चुकली. तुम्ही मनावर घेऊ नका." खोलीतले इतर पेशंट उठून उभे राहिले होते, ज्यांना उठता येत होतं ते. केळी आईने आयाबाईला देऊन टाकली. केस उभी राहिली, पंच फितूर झाले, कोतवालाने जबाब फिरवला. कोतवालावर माझा राग नाही, त्याला त्याच गावात राहायचं होतं. अप्पा पुढे कायम काठी घेऊन चालले.

सहा-सात वर्षांनी शेठ वारला. हार्ट अटॅक, नाशिकला नेता नेता. पहाटे बातमी आली आणि नऊपर्यंत अख्खं गाव बंद. त्या दिवशी आठवडे बाजार होता. खेड्यांवरून बाया मेथीच्या जुड्या आणि भरताची वांगी घेऊन पहिल्या एसटीने उतरल्या होत्या. पोरं मोटरसायकलींवर फिरून सांगत होती, उठा, उठा. एकीने पाटी डोक्यावर घेता घेता विचारलं, कोण वारलं? तिला माहीतच नव्हतं. दुपारच्या पेपरवाल्याच्या ग्रुपवर मात्र 'संपूर्ण बाजारपेठ उत्स्फूर्तपणे बंद' असं आलं.

अप्पांनी पांढरी टोपी घातली आणि काठी घेतली. आई आडवी आली. "तठे जाऊ नका," एवढंच म्हणाली. अप्पा गेले. स्मशानापर्यंत दोन किलोमीटर, त्या पायाने. परत आल्यावर अंगणात आंघोळ केली आणि न जेवता झोपले. दुसऱ्या दिवशी दारावरही, म्हणजे त्याच्या घरी भेटायला, जाऊन आले. गंधमुक्तीला, म्हणजे सुतक संपतानाच्या विधीला, मांडव होता, वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याची पंगत होती, तिथेही गेले. मी त्यांच्याशी दोन महिने नीट बोलले नाही. माझा मोठा भाऊ, आम्ही दादा म्हणतो, त्याला मात्र भरून आलं होतं. तो सगळ्यांना सांगायचा, आमच्या अप्पांचं मन किती मोठं, पाय मोडणाऱ्यालाही माफ केलं, मेल्यावर वैर संपतं. अजून सांगतो. नातेवाइकांत ती गोष्ट आता कीर्तनासारखी झाली आहे.

अप्पांनी मला खरं सांगितलं ते खूप उशिरा, शेवटच्या आजारपणात, रात्री मी एकटी जवळ असताना. स्मशानाच्या फाटकाशी पाण्याच्या टाकीजवळ शेठचा पुतण्या उभा होता, शेजारी त्याची दोन माणसं. येणाऱ्या प्रत्येकाकडे बघत होते. अप्पा म्हणाले, "त्या मोजी ऱ्हायंतात. दादानं दुकान व्हतं ना तठे." म्हणजे, ते मोजत होते, दादाचं दुकान होतं ना तिथे.

दादाने त्याच वर्षी बाजारात कृषी केंद्र टाकलं होतं. आम्ही सगळ्यांनी पैसे घातले होते. शेठ मेला तरी पुतण्या होता, घाट होते, ट्रॅक्टर होते. तलाठी अप्पा आले नाहीत, हे त्या दिवशी लक्षात राहिलं असतं. म्हणजे ज्याच्या दुकानाची शटर शाबूत राहावी म्हणून अप्पा तो पाय ओढत गेले, तोच आज माफीची गोष्ट सांगतो. मी त्याला हे सांगितलं आहे. तो म्हणतो, अप्पा औषधांच्या गुंगीत होते. ते गुंगीत नव्हते.

तुमचा प्रश्न जगभरचा आहे, आपल्याकडचाच नाही. १९८८ साली मुंबईचा गुंड वरदराजन मुदलियार मद्रासला वारला तेव्हा त्याचं शव मुंबईला आणलं गेलं, तस्कर हाजी मस्तानने विमानाची सोय केली, आणि माटुंगा-धारावीकडची माणसं लोटली. कोलंबियाचा कोकेनतस्कर पाब्लो एस्कोबार २ डिसेंबर १९९३ला मारला गेला. मेडेयीन या त्याच्या शहरात त्याच्या शवपेटीला हात लागावा म्हणून हजारो लोकांची रेटारेटी झाली. त्याने कचऱ्याच्या ढिगावर राहणाऱ्यांना घरं बांधून दिली होती. त्या घरातली बाई रडली असेल तर खोटी रडली नाही. पण १९८९ मध्ये त्याच्या माणसांनी प्रवासी विमानात बॉम्ब ठेवला आणि आतले सगळे १०७ जण गेले. त्यांच्या घरचे त्या गर्दीत नव्हते. गर्दी मोजताना घरी बसलेले कोणी मोजत नाही.

आणि 'वैर संपतं' म्हणणाऱ्यांसाठी इटलीचं उदाहरण. सिसिलीच्या माफियाचा म्होरक्या तोतो रीना १७ नोव्हेंबर २०१७ला वारला, ८७वा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, २४ वर्षांच्या कैदेनंतर. त्याच्याच हुकमावरून १९९२ मध्ये न्यायाधीश जोव्हान्नी फाल्कोने यांची गाडी कापाचीजवळ महामार्गाखाली स्फोटकं पेरून उडवली होती. बरोबर पत्नी आणि तीन अंगरक्षक गेले. रीना मेल्यावर तिथल्या धर्मगुरूंच्या परिषदेने सांगितलं की सार्वजनिक अंत्यविधी होणार नाही. आणि फाल्कोनेंची बहीण मारिया यांनी सांगितलं की मला त्याच्या मरणाचा आनंद नाही, पण मी त्याला माफही करू शकत नाही, कारण त्याला पश्चात्ताप झाल्याची खूण कधीच दिसली नाही. मी ते वाचलं तेव्हा कात्रण दादाला पाठवलं. त्याने हात जोडल्याचं चित्र पाठवलं, बस.

फटाके वाजवायला मी सांगत नाही. आमच्या गावात त्या रात्री वाळूच्या काठावर दोघातिघांनी वाजवले होते, मला तेही आवडलं नव्हतं. मारियाबाईंसारखं सरळ बोलता येतं, एवढंच माझं म्हणणं. तुम्ही श्रद्धांजलीचं स्टेटस ठेवलं नाही ते बरोबर केलंत. घरच्यांना विचारा, वैर संपलं म्हणता तर ते आधी कुणाचं होतं, त्याला विचारलं का?

अर्थात सगळेच भीतीने जातात असं नाही, हेही लिहायला हवं. आमच्या गल्लीत एक मावशी होत्या, त्यांच्या नवऱ्याच्या मुतखड्याच्या ऑपरेशनला शेठने पैसे दिले होते, परत मागितले नव्हते. त्या छाती पिटून रडल्या आणि मी त्यांना कधी दोष देणार नाही. सरकारी दवाखान्यात वेळेवर काम झालं असतं तर त्यांना शेठच्या दारात जावं लागलं नसतं. काही नुसतं बघायला जातात. काहींना पुतण्याकडून ठेका हवा असतो. आणि अप्पांसारखे किती असतील, ते कळायला मार्ग नाही, कारण तेही पांढरी टोपी घालूनच उभे असतात.

अप्पा गेले तेव्हा उत्तरकार्याची पत्रिका दादाने छापून आणली. फोटोखाली मोठ्या अक्षरात 'अजातशत्रू'. मी म्हटलं, हा शब्द काढ, या माणसाचा पाय शत्रूनेच मोडला होता आणि ट्रॅक्टर अडवायला तो रात्री एका कोतवालाला घेऊन गेला होता. दादा म्हणाला, आता पाचशे छापून झाल्या. त्यातल्या माझ्या सासरकडे आणि शाळेत वाटायच्या चाळीस माझ्याकडे होत्या. त्या चाळीसही पत्रिकांवर मी तो शब्द काळ्या पेनाने खोडला आणि त्यावर 'तलाठी' लिहिलं.