चेहऱ्यावरची लाली आणि ‘फुप्फुसातील उष्णता’

प्रश्न : माझे वय ४१ असून मी सिंगापूरला राहते. माझ्या नाकावर व गालांवर वरचेवर लाली येते, आग होते, मधूनच बारीक पुळ्या उठतात. त्वचारोगतज्ज्ञांनी रोझेशिया असल्याचे सांगितले. येथील चिनी वैद्यांनी मात्र जीभ व नाडी पाहून ‘फुप्फुसात आणि जठरात उष्णता साठली आहे’ असे निदान केले आणि काढा दिला. मला ना खोकला, ना दमा. मग फुप्फुसाचा संबंध काय? आपल्याकडे पित्त म्हणतात तेच हे का? काढा घ्यावा का?
– एक वाचक, सिंगापूर

उत्तर : आपल्या वैद्यांचे म्हणणे छातीतल्या फुप्फुसांविषयी नाही, तेव्हा त्याची काळजी करू नये. चिनी वैद्यकात त्वचा, अंगावरची लव आणि नाक हे सारे फुप्फुसाच्या अखत्यारीत येते आणि जठराची वाहिनी नाकाच्या बाजूने निघून चेहऱ्यावरून खाली उतरते, असे मानतात. लाली नाकागालांवर असल्याने वैद्यांची नजर या दोहोंकडे जाणे स्वाभाविक आहे.

पित्ताशी साम्य आहे, पण ते अर्धेच. तिखट, मद्य आणि ऊन वर्ज्य करण्याबाबत दोन्ही परंपरांचे सूर जुळतात. पुढे वाट बदलते. इ. स. ६१० मध्ये चिनी राजवैद्य चाओ युआनफांग यांच्या देखरेखीखाली सिद्ध झालेल्या रोगनिदानाच्या ग्रंथात असे म्हटले आहे, की मद्याची उष्णता चेहऱ्याकडे उसळते, तिची गाठ थंड वाऱ्याशी पडते आणि त्यातून नाकावर लाल पुळ्या येतात. १७४२ मध्ये चीनच्या छिंग राजघराण्याच्या दरबारात सिद्ध झालेल्या वैद्यकग्रंथाने यात भर घातली : जठराचा अग्नी फुप्फुसाला तापवतो, बाहेरची थंडी त्याला कोंडते, रक्त साकळते, म्हणून नाक आधी लाल, मग जांभळे आणि कालांतराने काळपट होते. साहजिकच या विचारात नुसते थंडावा देणे पुरत नाही, साकळलेले रक्त हलवावेही लागते. त्याच ग्रंथातील ‘रक्त थंड करणाऱ्या’ काढ्यात आपल्या करडईची फुले आहेत ती याचसाठी. आणि गंमत अशी, की त्यात आल्याच्या तीन चकत्या व पेलाभर मद्य घालून तो गरमच प्यावा, असे सांगितले आहे.

आजच्या माहितीप्रमाणे हा शेवटचा भाग आपल्याला मानवणारा नाही. त्वचेतील ज्या चेतासंवेदकांना उष्णता जाणवते, त्यांतील एक मिरचीतल्या दाहक द्रव्यानेही चेतवला जातो; म्हणजे तिखटाप्रमाणे गरम पेयही लाली आणू शकते. कॉफीच्या बाबतीतही लाली आणण्यात कॅफिनपेक्षा तिच्या गरमपणाचा वाटा मोठा असतो. त्यामुळे काढा घ्यायचाच झाला तर कोमट करून घ्यावा आणि त्यात मद्य नाही ना, हे विचारून घ्यावे. जुन्या वैद्यांनी रोगाच्या पायऱ्या बारकाईने टिपल्या, हे माझ्या मते त्यांचे मोठे यश आहे. त्यांच्या काढ्यांना मात्र तेवढा भक्कम पुरावा अजून लाभलेला नाही, कारण झालेल्या चाचण्या बहुतेक लहान आणि दर्जाने असमान आहेत. याला एक अपवाद आहे, पण तो काढ्याचा नव्हे, लेपातल्या गंधकाचा. रेवाचिनी (एक औषधी मूळ) व गंधक समभाग घेऊन केलेला लेप त्या परंपरेत नाकाच्या लालीवर लावत, आणि गंधक आजही त्वचारोगतज्ज्ञ रोझेशियावर वापरतात.

म्हणून मूळ उपचार त्वचारोगतज्ज्ञांचेच चालू ठेवावेत. मेट्रोनिडाझोल, अझेलेइक आम्ल किंवा आयव्हरमेक्टिनची मलमे आणि रोजचे सनस्क्रीन यांची जागा काढा घेऊ शकत नाही. काढ्यातील घटकांची यादी वैद्यांकडून लेखी मागून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावी. करडईची फुले व दांग-ग्वेई हे चिनी औषधी मूळ त्यात असेल, तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी तो काढा टाळावा.

काढ्यापेक्षा मला धास्ती वाटते ती लेबल नसलेल्या ‘वनौषधी’ क्रीमची. लंडनमध्ये तपासलेल्या अशा ११ चिनी क्रीमपैकी ८ मध्ये डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सापडल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले होते. स्टेरॉइडने लाली चार दिवस झटकन उतरते, पण ते थांबवताच दुप्पट जोमाने उसळते; गोरेपणाच्या क्रीमपायी आपल्याकडेही असे चेहरे पुष्कळ पाहायला मिळतात. सावळ्या त्वचेवर लाली फिकी दिसत असल्याने सुधारणा झाली की नाही, हे रंगापेक्षा आग व टोचणी यांवरून ताडावे. डोळे चुरचुरू लागले, पापण्यांच्या कडा सुजल्या किंवा नजर धूसर झाली, तर मात्र काढा-मलम बाजूला ठेवून नेत्रतज्ज्ञांना त्याच आठवड्यात दाखवावे.