ईश्वर नसताना बौद्ध नीतीला आधार कशाचा?

आज्ञा देणारा आणि शिक्षा करणारा ईश्वर बौद्ध धम्मात नाही, मग शीलाला आधार कशाचा, असे आपण विचारले आहे. मी परभणी जिल्ह्यातला. लहानपणी विहारात आईच्या शेजारी बसून जी वंदना शिकलो, तिच्यातूनच उत्तर देतो.

पंचशील म्हणजे हिंसा न करण्यापासून सुरू होणारे, रोजच्या वागण्याचे पाच नियम. त्यातल्या प्रत्येक ओळीच्या शेवटी 'वेरमणी सिक्खापदं समादियामि' हे शब्द येतात. त्यांचा अर्थ 'अलिप्त राहण्याचा शिक्षानियम मी ग्रहण करतो' असा आहे. क्रियापद प्रथमपुरुषी आहे. 'करू नकोस' असे तिथे कोणीही बजावत नाही. बाबासाहेबांनीही आपल्या धम्मग्रंथात म्हटले आहे की, धम्मात ईश्वर नसला तरी त्याची जागा नीतीने घेतली आहे.

हा नियम का घ्यावा, याचे कारण बुद्धांनी वेळुद्वार या गावच्या गृहस्थांना अगदी साधेपणाने सांगितले: मला मरण नको आहे, तसेच ते दुसऱ्यालाही नको आहे, मग जे मला अप्रिय, ते मी दुसऱ्यावर कसे लादू? कृतीचे मोल ठरते ते चेतनेवरून, म्हणजे कृतीमागच्या हेतूवरून: त्याच्या मुळाशी लोभ, द्वेष, मोह आहेत की नाहीत यावरून. मात्र हेतू चांगला असला की सर्व काही माफ, असा याचा अर्थ काढणे मला मुळीच मान्य नाही, कारण आपला मुलगा राहुल याला केलेल्या उपदेशात बुद्धांनी कृतीपूर्वी, कृती करताना आणि कृतीनंतरही, तिने स्वतःला किंवा इतरांना पीडा होते का, हे आरशात पाहावे तसे तपासायला सांगितले आहे.

मागच्या पावसाळ्यात वंदनेनंतर गावातल्या एका तरुण शेतकऱ्याने मला विचारले, "काका, कपाशीवर फवारणी केली की पहिलं शील मोडतंच ना?" पोटासाठी चालते, असे सांगून मी मोकळा झालो नाही; अळी मारण्याची चेतना तिथे असतेच आणि ती नाकारणे म्हणजे स्वतःशी खोटे बोलणे. परंतु द्वेषाने केलेला वध आणि पीक वाचवण्यासाठी नाइलाजाने केलेली फवारणी यांचे वजन सारखे नाही, हेही मी त्याला सांगितले. त्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. आता झाडे तपासून, कीड खरोखरच हाताबाहेर गेली आहे असे दिसल्याशिवाय तो पंप पाठीवर घेत नाही, आणि फुलांवर मधमाश्या असतील तर तो फवारणी पुढे ढकलतो.