विहिरीजवळ वेगळाच साप दिसला. नवीन जात असू शकते का? आणि तिला नाव कोण देतं?

तुमचा प्रश्न असा आहे : शाहूवाडीकडच्या शेतात विहिरीच्या कठड्यावर रात्री एक काळपट, पांढुरक्या पट्ट्यांचा साप दिसला, मोबाईलवरच्या ॲपने तीनदा तीन वेगळी नावं सांगितली, मग ही नवीन जात असेल का, आणि असली तर तिला तुमचं नाव मिळेल का?

आधी जिवाशी गाठ असलेली गोष्ट. काळपट अंग, पांढरे पट्टे आणि रात्रीची वेळ म्हणजे बहुतेक बिनविषारी कवड्या, नाहीतर जहाल विषारी मण्यार. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारीचा डोक्यामागचा भाग बराचसा कोरा असतो, मग बारीक पट्टे, पुष्कळदा जोडीजोडीने, शेपटीच्या टोकापर्यंत. हे वाचून आता बॅटरी घेऊन पट्टे मोजायला जाऊ नका. मण्यारीच्या पिल्लांत ही खूण हमखास फसवते, आणि मण्यार चावली तर पुष्कळदा धड दुखतही नाही, म्हणून माणूस झोपून राहतो. साप कोणता हे कळेपर्यंत तो मण्यारच आहे असं समजून वागा.

आता मूळ प्रश्न. मी काही मोठी तज्ज्ञ नाही. एम.एस्सी.नंतर दोन पावसाळे एका संशोधन प्रकल्पात मदतनीस होते, म्हणजे रात्री बॅटरी धरणं, नोंदी लिहिणं आणि दिवसा खवले मोजणं. आता ज्युनियर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. माझ्या नावावर एकही नवीन जात नाही. पण नवीन जात कशी 'होते' ते जवळून पाहिलंय, आणि त्यातून एक गोष्ट पक्की कळली : जो साप आपल्याला विचित्र वाटतो तो बहुतेक वेळा जुनाच निघतो, आणि नवीन निघतो तो ज्याच्याकडे कोणी वळूनही पाहिलेलं नसतं असा.

विचित्र दिसणारे म्हणजे कोण? धामणीची पिल्लं, ज्यांच्या अंगावर आडवे फिकट पट्टे असतात आणि मोठेपणी जातात. रंगद्रव्य नसलेला पांढरट नाग. कात टाकायला आलेला, डोळे दुधाळ झालेला कुठलाही साप. तुटून परत आलेल्या शेपटीची पाल, जिची नवी शेपूट अंगाशी जुळतच नाही. मला दर पावसाळ्यात असे पंधरा-वीस फोटो येतात आणि सोबत तुमचाच प्रश्न असतो.

उलट बाजूचं उदाहरण म्हणजे साताऱ्याजवळचं चाळकेवाडीचं पठार. पवनचक्क्यांमुळे सगळ्यांना माहीत आहे. वळवाच्या आधी तिथे गेलात तर दगडादगडावर सरडे बसलेले दिसतात. नर गळ्याखालची पिशवी पंख्यासारखी उघडतो : निळा, काळा, नारिंगी, असा रंग की एखाद्याने ऑइलपेंटचा डबा सांडलाय असं वाटावं. गुराखी पोरं त्यांना जन्मापासून बघत आलीत. शास्त्राच्या पुस्तकात मात्र असे सगळे सरडे मुख्यतः एका नावाखाली कोंबलेले होते, सिताना पाँटिसेरियाना. हे नाव १८२९ सालचं, पाँडिचेरीवरून दिलेलं. इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ जर्डनने १८७० मध्ये दख्खनच्या सरड्याला वेगळं नाव दिलं होतं, पण ते पुढे कुणी फारसं मनावर घेतलं नाही. २०१६ मध्ये व्ही. दीपक, वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी ठिकठिकाणचे सरडे एकत्र ठेवून डीएनए आणि शरीर दोन्ही तपासलं, तेव्हा कळलं की यातल्या मोठ्या गळपिशवीवाल्यांची अख्खी प्रजातीच (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) वेगळी आहे. तिला नाव दिलं 'सरडा'. आपला मराठी शब्द, रोमन लिपीत, जगभरच्या शास्त्रासाठी! चाळकेवाडीचा झाला सरडा सुपर्बा, आणि जर्डनचं नावही धूळ झटकून परत वापरात आलं.

यात जंगलात सापडलं असं काय? काहीच नाही. सरडे होते तिथेच होते. सापडलं ते टेबलावर.

हरणटोळाचंही तेच. टाळूवर झेप घेऊन कवटी फोडतो अशा गैरसमजापोटी ज्याला बिचाऱ्याला मारतात, तो हिरवा, वेलीसारखा साप. मी शिकत होते तेव्हा श्रीलंकेपासून आपल्या कोकणापर्यंत सगळा हरणटोळ एकाच नावाने ओळखला जायचा, आहेटुला नासुटा. २०२० च्या एका अभ्यासाने ते नाव श्रीलंकेपुरतं ठेवलं. आपल्या मैदानी भागातला झाला ऑक्सिरिंका, हे जुनं नाव परत उठवलेलं, आणि उत्तर सह्याद्रीतला झाला बोरियालिस, म्हणजे उत्तरेचा. दक्षिणेकडच्या घाटांना आणखी वेगळी नावं. माझ्या नोट्समधलं नाव एका दिवसात चुकीचं झालं आणि मुलांना पुन्हा शिकवावं लागलं.

असं का होतं? कारण आपल्या बहुतेक साप-सरड्यांची पहिली वर्णनं इंग्रजांच्या काळातली. तेव्हाचे नमुने लंडनच्या संग्रहालयात बरण्यांत आहेत, आणि चिठ्ठीवर ठिकाण म्हणून कधी नुसतं 'मलबार' किंवा 'दख्खन' असतं. माल्कम स्मिथ हा पेशाने डॉक्टर. त्याने १९३१ ते १९४३ दरम्यान भारतीय सरपटणाऱ्या प्राण्यांवर तीन खंड लिहिले आणि अनेक जुनी नावं एकमेकांत मिसळून टाकली. त्याच्याकडे डीएनए नव्हता, मोजकेच नमुने होते, त्या मानाने काम जबरदस्तच. पण पुढची पन्नास-साठ वर्षं आपण ते खंड पोथीसारखे वापरले. गेल्या वीस वर्षांत जे चाललंय ते मुख्यतः या मिसळलेल्या नावांचं पुन्हा निवडणं आहे, सुपात तांदूळ निवडावेत तसं.

आता निवडतात कसं, ते माझ्या एका फजितीवरून सांगते. सापाच्या पोटाखाली आडवे रुंद खवले असतात, त्यांना आम्ही सरळ व्हेंट्रलच म्हणतो. बरणीतून साप काढायचा, वाहत्या पाण्याखाली धरायचा (अल्कोहोलच्या वासाने डोकं धरतं), ट्रेमध्ये उताणा लांब करायचा, आणि सुईच्या टोकाने एकेक खवला सरकवत मोजायचं, दर वीस खवल्यांना एक टाचणी. पाठीवरच्या खवल्यांच्या ओळी तीन ठिकाणी मोजायच्या : मानेमागे, मध्यावर आणि गुदद्वाराच्या आधी. शेपटीखालचे खवले एकेरी की जोडीने, तेही बघायचं. तर एका सापाचे व्हेंट्रल मला बाकीच्यांपेक्षा आठ जास्त आले. पुन्हा मोजले, पुन्हा आठ जास्त. दोन रात्री झोप नाही. मनात नावसुद्धा ठरवून झालं होतं, आजोळच्या गावावरून. तिसऱ्या दिवशी सरांनी ट्रे पुढे ओढला, भिंग लावलं आणि विचारलं, "पहिला खवला कुठला धरलास?" मी हनुवटीखालच्या खवल्यांपासूनच सुरुवात केली होती. नियम १९५१ सालचा, डाउलिंग नावाच्या सर्पसंशोधकाचा : ज्या खवल्याला दोन्ही बाजूंनी पाठीची सर्वांत खालची ओळ टेकते, तो पहिला व्हेंट्रल. त्या नियमाने मोजल्यावर माझा साप गुमान बाकीच्यांत जाऊन बसला. सर काही बोलले नाहीत, चहा सांगितला.

पालींचं काम आणखी नाजूक. निमास्पिस गटातल्या पाली बोटाएवढ्या, दिवसा हिंडणाऱ्या, डोळ्याची बाहुली गोल. घरातल्या पालीची बाहुली उभ्या फटीसारखी मिटते, तशी यांची नाही. हातात धरलं तर शेपूट सोडतात, जरा जोर झाला तर कातडीसुद्धा फाटते. नराच्या मांडीखाली आणि शेपटीच्या बुडाजवळ खवल्यांत बारीक छिद्रं असतात. ती किती आणि सलग आहेत की मध्ये खंड आहे, यावर बराच निकाल लागतो. तुमच्याच जिल्ह्यातली गोष्ट : दाजीपूरच्या जंगलात पालापाचोळ्यात राहणारी एक पाल २००९ मध्ये वरद गिरी, ॲरन बाउअर आणि सहकाऱ्याने जगापुढे आणली, निमास्पिस कोल्हापुरेन्सिस. कोल्हापूरचं नाव तर शास्त्रात लागलेलंच आहे. बाकीच्यांचंही बघा : आंबोली, कोयना, सातारा यांच्या नावाच्या पाली आहेत. या पाली आपला डोंगर सोडून सहसा जात नाहीत. मधली दरी गरम आणि कोरडी, म्हणून लाखो वर्षं इकडची इकडे, तिकडची तिकडे. दिसायला सारख्या, पण जनुकांत लांब.

डीएनएबद्दल एक स्पष्ट सांगते. लोकांना वाटतं मशीनमध्ये घातलं की 'नवीन' असा शिक्का येतो. तसं नाही. फरक किती ते मशीन सांगतं, पण किती फरक म्हणजे वेगळी जात हे माणसं ठरवतात, आणि भांडतातही. एक-दोन नमुने आणि एखाददुसऱ्या जनुकावर घाईने जात जाहीर करणं मला पटत नाही. दुर्मीळ सापाच्या बाबतीत कधीकधी इलाज नसतो, पण पालींच्या बाबतीत असतो.

हो, नमुना ठेवावा लागतो, म्हणजे प्राणी मारावा लागतो. हा प्रश्न वर्गात दरवर्षी येतो आणि मी लपवत नाही. ज्या एका नमुन्यावर नाव टांगलेलं असतं तो कायमचा संग्रहात राहतो, म्हणजे पन्नास वर्षांनी कुणाला शंका आली तर त्याने तोच काढून तपासावा. आपल्याकडे मुंबईची बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी), भारतीय प्राणी सर्वेक्षण, बंगळूरची एनसीबीएस ही जीवशास्त्राची संशोधन संस्था अशा ठिकाणी हे नमुने असतात. वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय हे करता येत नाही. आमच्या वेळी ती परवानगी पावसाळा उलटल्यावर हातात पडली होती, बेडूक आणि साप दोन्ही बिळात गेल्यावर.

तुमचा नावाचा प्रश्न. नाव देतो तो वर्णन लिहिणारा, ज्याने पाहिला तो नव्हे. स्वतःचं नाव स्वतः देण्याला नियमात थेट बंदी नाही, पण तसं कुणी केलं तर लोक हसतात. दुसऱ्याचं नाव देता येतं : पुरुषाच्या नावापुढे 'आय' लागतो, बाईच्या नावापुढे 'ए ई'. आंबोली-गोव्याकडच्या एका काळ्या खापरखवल्या सापाला २०१६ मध्ये मेलॅनोफिडियम खैरेई नाव मिळालं, नीलिमकुमार खैरेंवरून. हो, तेच, १९८० मध्ये पुण्यात ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास राहिलेले. कोयनेच्या मांजऱ्या सापाला २०१९ मध्ये बोइगा ठाकरेई म्हटलं, तेजस ठाकरेंवरून. तो झाडावर राहतो आणि बेडकांची अंडी खातो, ही मला नावापेक्षा जास्त भारी बातमी वाटली होती.

आणि सामान्य माणसाच्या फोटोवरून कधी काही होतच नाही असंही नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये हिमाचलच्या चंबा जिल्ह्यातल्या एका विद्यार्थ्याने घराजवळच्या कुकरी सापाचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला. बंगळूरचे सर्पसंशोधक झीशान मिर्झा यांना तो खटकला, दोघांनी आणखी एका सहकाऱ्याबरोबर काम केलं, आणि २०२१ मध्ये ऑलिगोडॉन चुराहेन्सिस जाहीर झाला. फोटो चांगला होता, ठिकाण नोंदलेलं होतं आणि बघणाऱ्याला त्या गटातले सगळे साप तोंडपाठ होते, म्हणून ते झालं. तीन जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच फोटो 'विषारी आहे, सावध राहा' म्हणून फिरत राहिला असता.

ठिकाणाबद्दल एक सावधगिरी. खरंच काही वेगळं वाटलं तर विहिरीचा नेमका पत्ता सगळ्यांसमोर लिहू नका. चीनमधल्या एका रंगीत पालीचं वर्णन १९९९ मध्ये छापून आलं आणि पाळीव प्राण्यांच्या व्यापाऱ्यांनी ते वाचून मूळ ठिकाणच्या पाली उचलून संपवल्या. आता बरेच संशोधक ठिकाण मुद्दाम मोघम लिहितात.

तुमच्याकडे फोटो असेल तर इथेच खाली टाका. डोकं बाजूने दिसेल असा आणि पूर्ण अंग वरून, एवढे दोन असले तरी बरंच कळतं. नसेल तर मुद्दाम काढायला जाऊ नका. पुन्हा दिसला तर गावातल्या सर्पमित्राला बोलवा, आणि तोवर पंप सुरू करायला जाताना पायात बूट आणि हातात बॅटरी असू द्या.