विज्ञान-विचारणा : डोक्यावरची ढाल किती भरवशाची?

प्रश्न : बाई, मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. इस्रायलचं आयर्न डोम दहातली नऊ रॉकेटं पाडतं म्हणतात. मे २०२५ मध्ये आपणही पाकिस्तानची ड्रोन आणि क्षेपणास्त्रं हवेतच पाडली. तरी मागच्या अंकात तुम्ही लिहिलंत की अण्वस्त्रांपासून देशाचं पुरतं रक्षण करणारी यंत्रणा होणं कठीण आहे. रॉकेटला जे जमतं ते मोठ्या क्षेपणास्त्राला का जमू नये? फरक फक्त वेगाचाच ना?
— एक विद्यार्थी, ऐरोली

उत्तर : वेगाचा फरक आहेच, पण अडचण तिथे नाही. १९८३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी अवकाशातून संरक्षणाची योजना जाहीर केली, तेव्हा गोळीने गोळी टिपता येणार नाही असं पुष्कळ जण म्हणत होते. ती शंका आता उरलेली नाही. आपल्या डीआरडीओने २७ नोव्हेंबर २००६ ला बंगालच्या उपसागरावर, सुमारे ५० किलोमीटर उंचीवर, येणारं पृथ्वी क्षेपणास्त्र पाडून दाखवलं. ते काम खरंच मोठं होतं आणि त्याचा मला अभिमान आहे.

पण कोणती गोळी टिपायची हे कळणार कसं? मी ठाण्यात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवायचे, तेव्हा आमच्या लॅबमध्ये हातभर लांब काचेची नळी होती. आत एक नाणं आणि एक पीस. पंपाने हवा काढून नळी उलटी केली की पीस आणि नाणं एकदमच तळाला टेकायचं. मुलं नळी पुन्हा पुन्हा उलटी करून बघायची. एका खंडातून दुसऱ्या खंडावर जाणाऱ्या, म्हणजे खंडांतर क्षेपणास्त्राचा सुमारे अर्ध्या तासातला बहुतेक प्रवास वातावरणाच्या वर, त्या नळीसारख्याच निर्वात जागेत होतो. तिथे शत्रूने खऱ्या बॉम्बबरोबर चमकदार प्लॅस्टिकचे पाच-पन्नास फुगे सोडले, तर ते सगळे एकाच वेगाने, एकाच वाटेने जातात. बॉम्बसुद्धा फुग्यात घालता येतो. रडारला नुसता ठिपक्यांचा थवा दिसतो. खाली हवेत शिरल्यावर फुगे मागे पडतात, बॉम्ब वेगळा ओळखू येतो, पण तोवर हातात मिनिटभरही उरलेलं नसतं. चांगलं सॉफ्टवेअर किंवा मोठं रडार आणलं म्हणून ही अडचण संपत नाही, कारण ती निसर्गनियमातूनच आलेली आहे आणि तिचा फायदा हल्लेखोराला मिळतो.

आयर्न डोमसमोर येणारी रॉकेटं साधी असतात, फसवे फुगे सोडत नाहीत. शिवाय रॉकेट कुठे पडणार याचा हिशेब यंत्रणा आधी करते आणि मोकळ्या रानात पडणाऱ्याकडे सरळ दुर्लक्ष करते. नव्वद टक्के हा आकडा ज्यांच्यावर मारा केला त्यांच्यापुरता आहे. मोठी बॅलिस्टिक क्षेपणास्त्रं, म्हणजे उंच फेकली जाऊन वरून कोसळणारी, आली तेव्हा चित्र बदललं. १ ऑक्टोबर २०२४ ला इराणने सुमारे १८० सोडली आणि त्यांतली कित्येक इस्रायलच्या नेवातिम हवाई तळावर येऊन पडली. त्यांत साधी स्फोटकं होती, म्हणून तळ चालू राहिला.

आता मुख्य मुद्दा. किती पाडली हे कोणीही विचारतं. तू विचार, निसटलं त्यात काय होतं? दहा रॉकेटांतलं एक निसटलं तर एखादं घर जातं, माणसं दगावतात. त्या घरच्यांचं सगळंच जातं, पण शहर उभं राहतं. दहा अणुबॉम्बांतला एक निसटला तर शहरच उरत नाही. हिरोशिमावरचा बॉम्ब १५ किलोटनाचा, म्हणजे १५ हजार टन टीएनटी स्फोटकाएवढा होता, आजचे त्याहून पुष्कळ मोठे असतात. म्हणजे नव्वद टक्के यश एका ठिकाणी उत्तम आणि दुसऱ्या ठिकाणी सर्वनाश.

तू म्हणशील, येणाऱ्या एका क्षेपणास्त्रावर ते पाडणारे आपले चार बाण सोडू. एका बाणाचं यश ५० टक्के धरलं तर चारांपैकी एक तरी लागण्याची शक्यता सुमारे ९४ टक्के येते. गणित बरोबर आहे, पण ते चारही बाण आपापल्या कारणाने चुकत असतील तरच. चौघे एकाच कारणाने चुकणार असतील तर चार सोडा नाहीतर चाळीस.

अशी चूक घडलेली आहे. २५ फेब्रुवारी १९९१, सौदी अरेबियातलं धाहरान. तिथली क्षेपणास्त्रं पाडणारी अमेरिकी पॅट्रियट यंत्रणा १०० तास सलग चालू होती. तिचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात वेळ मोजायचं, आणि एक दशांश ही संख्या संगणकाच्या द्विमान (फक्त ० आणि १ च्या) पद्धतीत पुरी लिहिताच येत नाही, शेपूट कुठेतरी तोडावी लागते. तो सूक्ष्म फरक साठत साठत १०० तासांत सेकंदाच्या एक तृतीयांशाएवढा झाला. तेवढ्या वेळात इराकचं स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं. यंत्रणा चुकीच्या जागी बघत राहिली, तिथे काही दिसेना, म्हणून तिने मारा केलाच नाही. स्कड बराकीवर पडलं, २८ अमेरिकी सैनिक गेले. दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर दुसऱ्या दिवशी पोचलं. हा हिशेब तू स्वतः कागदावर करून बघ, २४ बिटांचं रजिस्टर धर. युद्धाचं सोड, चाचणीत तर लक्ष्य केव्हा आणि कुठून येणार हे ठाऊक असतं. तरीही अमेरिकेच्या अलास्का-कॅलिफोर्नियातल्या ४४ बाणांच्या यंत्रणेच्या चाचण्यांपैकी निम्म्यांहून थोड्याच जास्त यशस्वी झाल्या आहेत.

प्रश्न : आमच्या गच्चीवरून खाडीपलीकडे ट्रॉम्बेची बाजू दिसते. भाभा अणुसंशोधन केंद्र इतकं जवळ असताना 'सुदर्शन चक्र' ही देशाची संरक्षण-ढाल येईपर्यंत आम्ही धास्तावूनच राहायचं का?
— एक ज्येष्ठ नागरिक, वाशी

उत्तर : काका, सुदर्शन चक्र मोहिमेची घोषणा १५ ऑगस्ट २०२५ ला लाल किल्ल्यावरून झाली, मुदत २०३५ ची आहे. महत्त्वाच्या ठिकाणांभोवती ड्रोन, विमानं, क्रूझ क्षेपणास्त्रं (विमानासारखी हवेतून उडत येणारी) यांच्याविरुद्ध दाट संरक्षण उभं राहायलाच हवं, आणि त्यात ट्रॉम्बेचा नंबर वरचा असावा असं मलाही वाटतं. मात्र बॅलिस्टिक क्षेपणास्त्राला कराचीच्या बाजूने इथे यायला आठ-दहा मिनिटंच लागतील. तेवढ्यात शोधणं, ओळखणं, निर्णय घेणं, सगळं आलं.

तुमच्या गच्चीचं रक्षण करणारी आणखी एक गोष्ट आहे, तिची फारशी बातमी होत नाही. ३१ डिसेंबर १९८८ ला भारत आणि पाकिस्तान यांनी एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार केला. १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात. कारगिल झालं, संसदेवरचा हल्ला झाला, २६/११ झालं, पुलवामा झालं, याद्या दिल्या गेल्या. हा करार टिकावा यासाठी कोणी बोललं तर त्याला भित्रा म्हणू नका.

प्रश्न : जावई म्हणतात, पैसा ओतला की अणुबॉम्बची भीतीच राहणार नाही, आणि शंका घेणारे आपल्या शास्त्रज्ञांचा अपमान करतात. तुमचं मत?
— एक गृहिणी, नौपाडा

उत्तर : शंका घेणं हा शास्त्रज्ञांचा रोजचा धंदा आहे, ताई. त्यात अपमान कसला?

पैशांबद्दल १९८५ मध्ये रेगन सरकारचेच सल्लागार पॉल नित्झे यांनी एक कसोटी सांगितली होती. शत्रूने एक जादा क्षेपणास्त्र बनवायला जेवढा खर्च येतो, त्याहून कमी खर्चात ते पाडायची सोय आपल्याला वाढवता आली पाहिजे. नाहीतर आपण ढाल वाढवणार आणि तो स्वस्तात क्षेपणास्त्रं वाढवणार. आपल्या उपखंडात हे सुरू झालेलंच आहे. जानेवारी २०१७ मध्ये पाकिस्तानने एकाच क्षेपणास्त्रावर अनेक बॉम्ब नेणाऱ्या 'अबाबील'ची चाचणी केली आणि भोवतालच्या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांमुळे ते करावं लागलं असं उघड सांगितलं. मार्च २०२४ मध्ये आपणही अग्नी-५ वर तेच तंत्र यशस्वी केलं. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी १९७२ मध्ये ढालींवरच मर्यादा घालणारा करार केला तो हेच ओळखून. अमेरिका २००२ मध्ये त्यातून बाहेर पडली, आणि पुढे रशियाने ढाल चुकवणारी नवी अस्त्रं बनवली.

म्हणून माझं मत दोन तुकड्यांत आहे. ड्रोन, रॉकेटं, क्रूझ क्षेपणास्त्रं, विमानं यांच्याविरुद्ध खर्च जरूर करावा. मे २०२५ मध्ये आकाश आणि एस-४०० या क्षेपणास्त्र यंत्रणांबरोबर जुन्या एल-७० तोफांनीही ड्रोन पाडली. स्वस्त ड्रोनवर स्वस्त गोळा, हाच बरोबर हिशेब आहे. पण त्या यशावरून 'आता अणुयुद्धही झेपेल' असं कोणी म्हणू लागलं तर जावईबापूंना जेवताना शांतपणे विचारा, एक बॉम्ब निसटला तर भाजलेल्यांना नेणार कुठे? ऐरोलीत नॅशनल बर्न्स सेंटर आहे, मुंबईतही भाजलेल्यांचे वॉर्ड आहेत. अणुबॉम्बने एका क्षणात हजारो माणसं भाजतात. तेवढ्या खाटा जगातल्या कुठल्याही शहरात नाहीत. सीमेवरचा निर्णय घेणाऱ्याला ढालीचा खोटा भरवसा वाटणं, याचीच मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते.

प्रश्न : ७ मे २०२५ च्या नागरी संरक्षणाच्या सरावात भोंगा वाजला, पण आमच्या सोसायटीत कोणालाच काही उमजलं नाही. कोणता भोंगा कशाचा?
— उरणहून एक वाचक

उत्तर : वर-खाली होत जाणारा आवाज म्हणजे धोका. एकसुरी, लांब आवाज म्हणजे धोका टळला. पहिला ऐकू आला की खिडक्यांपासून लांब, इमारतीच्या आतल्या भागात जायचं, लिफ्ट वापरायची नाही. दुसरा वाजेपर्यंत बाहेर पडायचं नाही. हे लिफ्टशेजारच्या फलकावर मराठीत लिहून लावा आणि वॉचमनला समजावून सांगा, कारण रात्री जागा तोच असतो.