गोळी घेतली की थांबतं, उतरली की परत ठणकतं

प्रश्न: वय ३८. वर्षभर झालं, आठवड्यातून चार-पाच दिवस डोकं दुखतं, गोळी घेतली की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. चष्म्याचा नंबर तपासला, बीपी नॉर्मल आहे. नेटवर वाचून ब्रेन ट्यूमरची धास्तीच घेतलीय. एमआरआय करून टाकू का?

उत्तर: एमआरआयचं नंतर बघू, आधी गोळ्या मोजा. आठवड्याला चार-पाच म्हणजे महिन्याचे १६ ते २० दिवस झाले, आणि साधी पेनकिलर महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं ना, की गोळीच डोकं दुखवायला लागते. कॅफीन घातलेली मिक्स गोळी असेल तर १० दिवसही पुरतात! सकाळी उठल्या उठल्याच दुखत असेल तर माझा संशय अजून पक्का. गोळ्या बंद केल्या की पहिले काही दिवस दुखणं वाढतं, तिथेच बरेचजण हार मानतात, म्हणून हे डॉक्टरांना विचारूनच करा.

मुळात दुखणं कसलं होतं तेही बघायला हवं. दोन्ही बाजूंनी पट्टा आवळल्यासारखं वाटतं ते बहुतेक टेन्शनचं, पण एका बाजूला ठणकतं, मळमळतं, उजेड नको वाटतो, जिना चढलं की वाढतं, ४ तासांपासून ३ दिवसांपर्यंत टिकतं, ते मायग्रेन (खूप लोक यालाच सायनस समजून वाफ घेत बसतात). महिनाभर कॅलेंडरवर दुखलं तो दिवस, गोळीचं नाव, झोप, पाळी एवढं लिहा आणि तोच कागद घेऊन जा, निम्मं निदान त्यातच होतं. वर्षभर नुसतंच डोकं दुखतंय, बाकी काही नाही, तर ट्यूमरची शक्यता फारच कमी, आणि तपासणीत सगळं नीट असेल तर एमआरआय बऱ्याचदा लागतही नाही.

पण मिनिटाभरात एकदम आयुष्यात कधी झालं नाही असं भयंकर दुखलं, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, हातपाय लुळा पडला, किंवा ताप येऊन मान आखडली, तर कॅलेंडर वगैरे राहू दे, थेट हॉस्पिटल गाठा. डोक्याला मार लागल्यावर दुखणं वाढत गेलं तरी तेच. आणि घरात पन्नाशीच्या पुढच्या कुणाचं पहिल्यांदाच असं डोकं दुखायला लागलं, त्यात चावताना जबडा दुखतो, केस विंचरताना डोक्याला हात लावू देत नाही असं असेल तर त्याच दिवशी दाखवा, त्यात नजर जाऊ शकते.